तुटक इंटरनेट आणि अभ्यासाची अ‍ॅप्स : एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयात मोबाइल असावा की नसावा, हा वाद आता मागे पडला आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि जे प्राध्यापक वर्गात मोबाइल जप्त करीत असत, त्यांनाच मोबाइलवरून शिकवावे लागले. त्या वर्षी गोव्यातील सांगे तालुक्याचे विद्यार्थी रेंज मिळावी म्हणून डोंगर चढून जात असल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या होत्या. आमच्या सीमाभागात खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यातील गावांची अवस्था याहून फारशी निराळी नव्हती. टाळेबंदी उठली, वर्ग पूर्ववत भरू लागले. परंतु त्या काळात आलेली अ‍ॅप्स मात्र राहिली. आज स्वाध्याय, अंतर्गत चाचणी, सूचना आणि काही ठिकाणी हजेरीसुद्धा मोबाइलमार्फत घेतली जाते. म्हणजेच विद्यार्थ्याच्या गुणांचा काही भाग आता त्याच्या गावातील टॉवरवर अवलंबून आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे ग्रामीण भागात १४.९ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के आढळली होती. त्यानंतर मोबाइल इंटरनेटचा प्रसार पुष्कळ झाला, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि 'घरात इंटरनेट आहे' आणि 'हवे त्या घटकेला इंटरनेट आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीज गेली की टॉवर मंदावतो, महिनाअखेरीस रिचार्ज संपतो, एकच फोन तीन भावंडांत फिरतो. या तुटकपणाला अपवाद न मानता नित्याची स्थिती मानून कोणते अ‍ॅप रचले आहे, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : आजची अ‍ॅप्स धडा विद्यार्थ्यापर्यंत पोचविण्यात बऱ्यापैकी तयार झाली आहेत, विद्यार्थ्याचे उत्तर सुखरूप परत आणण्यात ती अजून कच्ची आहेत. या कच्चेपणाचे कारण तंत्रात थोडे आणि आपल्या परीक्षापद्धतीत असलेल्या अविश्वासात अधिक आहे.

'ऑफलाइन' या शब्दाचे दोन अर्थ

बहुतेक अ‍ॅप्सच्या जाहिरातीत 'ऑफलाइन चालते' असा शब्दप्रयोग असतो. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की, धडा एकदा उतरवून घेतला की तो नंतर इंटरनेटशिवाय वाचता किंवा पाहता येतो. हा वाचनापुरता ऑफलाइनपणा झाला. दुसरा अर्थ लेखनाचा आहे. विद्यार्थ्याने रेंज नसताना प्रश्न सोडविला, टिपण लिहिले, स्वाध्याय 'सादर' केला, तर त्या मजकुराचे काय होते? तो फोनमध्ये जपून ठेवला जातो की फिरणारे चक्र दाखवून अ‍ॅप बंद पडते?

पहिल्या अर्थाने विद्यार्थी हा केवळ घेणारा असतो. दुसऱ्या अर्थाने तो देणाराही असतो. शिक्षण दोन्ही बाजूंनी चालते, त्यामुळे अ‍ॅपचे मूल्यमापनही दोन्ही बाजूंनी झाले पाहिजे. आपल्याकडील चर्चा मात्र पहिल्या बाजूवरच थांबते, कारण तेथे दाखविण्यासारखे काही असते. दुसऱ्या बाजूला जे हरवते, ते कोणाला दिसतच नाही.

धडा पोचविण्याची बाजू

या बाजूची तीन उदाहरणे पाहू. 'दीक्षा' हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. त्याचा पाया असलेली 'सनबर्ड' ही आज्ञावली मुक्तस्रोत आहे. पाठ्यपुस्तकात छापलेला क्यूआर संकेत फोनने टिपला की संबंधित पाठ उघडतो, ही कल्पना खरोखर चांगली आहे. छापील पुस्तक व मोबाइल यांची सांगड त्यामुळे बसली. पाठ उतरवून घेता येतो आणि उतरविलेला पाठ इंटरनेटशिवाय दुसऱ्या फोनवर देता यावा, अशीही सोय रचनेत केलेली आहे. परंतु क्यूआर संकेत हा पाठाचा केवळ पत्ता असतो, पाठ नव्हे. पाठ आधी उतरविलेला नसेल तर रेंजबाहेरच्या गावात तो संकेत मुका राहतो. शिवाय हे साहित्य मुख्यतः शालेय आहे आणि त्यात चित्रफितींचा भरणा मोठा आहे.

'किविक्स' हे २००७ साली सुरू झालेले अ‍ॅप विकिपीडियासारखे संपूर्ण ग्रंथभांडार एका फाइलीत बांधून देते. मराठी व उर्दू विकिपीडियाच्या अशा फाइली उपलब्ध आहेत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एका संगणकावर त्या उतरवून पेन ड्राइव्हने किंवा मेमरी कार्डाने वाटल्या की विद्यार्थ्याला डेटाचा एक पैसाही लागत नाही. सोय साधी आहे व ती चालते. पण ती केवळ वाचनाची आहे. किविक्सने कधी याहून अधिक असल्याचा दावा केलेला नाही.

'कोलिब्री' हे २०१७ पासूनचे साधन अधिक पुढे गेले आहे. वर्गातील एका संगणकावर ते बसविले की विद्यार्थी त्याच खोलीतील वायफायने त्याला जोडले जातात. बाहेरचे इंटरनेट नसले तरी चालते. विद्यार्थ्याने सोडविलेल्या प्रश्नांची नोंद त्याच्या यंत्रावर राहते आणि वर्गातील जाळ्यात आल्यावर मुख्य संगणकाशी जुळविली जाते. त्याची दर्शनी भाषा मराठी व उर्दूही ठेवता येते, ही सीमाभागाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे. उणीव आहे ती आशयाची. मराठी किंवा उर्दू साहित्याच्या पदवी वर्गाला पुरेल असे साहित्य तेथे आयते मिळत नाही. ते शिक्षकानेच तयार करून भरावे लागते. हा दोष अ‍ॅपकर्त्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. ते काम आपले आहे.

वजन आणि लिपी

तुटक इंटरनेटवर साहित्याचे वजन हा पहिला विचार असावा. थोडा हिशेब करून पाहू. एका तासाच्या व्याख्यानाची चित्रफीत सेकंदाला ५०० किलोबिट या मध्यम दर्जाने केली, तर ती २२५ मेगाबाइट होते. त्याच व्याख्यानाचा केवळ आवाज 'ओपस' या २०१२ च्या मानक पद्धतीने सेकंदाला १६ किलोबिटवर मुद्रित केला, तर तो सुमारे ७ मेगाबाइटमध्ये बसतो आणि बोलणे स्पष्ट ऐकू येते. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत (यूटीएफ-८) देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणून २,००० चिन्हांचे एक पान ६ किलोबाइट आणि २०० पानांचे पुस्तक १.२ मेगाबाइट होते. म्हणजे एका तासाच्या चित्रफितीच्या जागेत अशी पावणेदोनशेहून अधिक पुस्तके मावतात. कवितेच्या अध्यापनाला शिक्षकाचा चेहरा दर क्षणी दिसण्याची गरज नसते. कवितेचा मजकूर आणि तिचे वाचन, एवढे पुरते.

उर्दूच्या बाबतीत प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. अरबी-फारसी लिपीचे चिन्ह यूटीएफ-८ मध्ये २ बाइटच घेते, म्हणजे मजकूर देवनागरीहूनही हलका. परंतु उर्दू वाचकाचा डोळा नस्तालीकला सरावलेला असतो. मिर्झा अहमद जमील यांच्या 'नूरी नस्तालीक'मध्ये (१९८१) अक्षरजोडांच्या हजारो तयार आकृती होत्या, आणि त्या परंपरेतील फॉन्ट आजही आकाराने मोठे आहेत. अ‍ॅपने फॉन्ट सोबत न देता प्रत्येक वेळी इंटरनेटवरून मागविला, तर रेंज गेल्याबरोबर गझल नस्ख लिपीत दिसू लागते. वाचता येते, पण विद्यार्थी अडखळतो. हे टाळण्यासाठी अनेकजण 'इनपेज'मधील पानाचे चित्र करून पाठवितात. मग ४ किलोबाइटच्या मजकुराच्या जागी शंभर-दोनशे किलोबाइटचे चित्र येते. त्यात शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठे करता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याला ते ऐकताही येत नाही. उपाय आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेला 'नोटो नस्तालीक उर्दू' हा मुक्त फॉन्ट तुलनेने लहान आहे. तो अ‍ॅपमध्ये एकदाच बांधून द्यावा.

मराठीच्या शिक्षकांनाही यातून सुटका नाही. 'श्रीलिपी'सारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या आपल्या टिपणवह्या मोबाइलवर कावळ्याच्या पायांसारख्या दिसतात. म्हणून त्या पीडीएफ करून पाठविल्या जातात आणि वजन वाढते. टिपणे एकदा युनिकोडमध्ये आणणे, हे अ‍ॅप निवडण्याच्या आधीचे काम आहे.

उत्तर परत आणण्याची बाजू

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कार्यालयातील आवक-जावक नोंदवही आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला जावक क्रमांक मिळतो. पलीकडे तो पोचला की आवक क्रमांक पडतो. आणि पोच आल्याशिवाय आपण स्थळप्रत फाडत नाही. तुटक इंटरनेटवर चालणाऱ्या अ‍ॅपला नेमकी हीच शिस्त लागते. विद्यार्थ्याने उत्तर लिहिताच ते प्रथम फोनमध्ये पक्के लिहिले जावे. प्रत्येक उत्तराला फोननेच एक स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे तेच उत्तर चुकून दोनदा पोचले तरी दोनदा मोजले जाणार नाही. रेंज आली की अ‍ॅपने ते आपण होऊन पाठवावे आणि पोच मिळेपर्यंत मूळ प्रत पुसू नये.

यात असाध्य असे काही नाही. छोटी माहिती साठविण्याची 'एसक्यूलाइट' ही व्यवस्था २००० सालची आहे व ती प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असते. तुटलेली फाइल जेथे तुटली तेथून पुढे मागविण्याची सोय इंटरनेटच्या मूळ नियमांत १९९७ पासून आहे. जोडणी नसताना निरोप साठवून पुढे नेण्याचा प्रयोग तर आपल्या कर्नाटकातच झाला. २००३ साली दोड्डबळ्ळापूर भागात 'डाकनेट' या उपक्रमाने सरकारी बसवर वायरलेस यंत्र बसविले. बस गावागावांतून जाताना भूमी-अभिलेखाच्या मागण्या गोळा करी आणि तालुक्याच्या ठिकाणी पोचवी. बस रोज ठरल्या वेळीच जाई, पण तेवढ्याने काम भागत होते. जो विद्यार्थी रोज सकाळी एसटीने महाविद्यालयात येतो, त्याचा फोन हीच आजची ती बस आहे.

मग प्रत्यक्ष अ‍ॅप्स काय करतात? महाविद्यालयांत बरेच वापरले जाणारे 'मूडल' घेऊ. त्याचे मोबाइल अ‍ॅप या बाबतीत इतर अनेकांपेक्षा सरस आहे, म्हणूनच त्याची चिकित्सा उपयुक्त ठरेल. लेखी स्वाध्याय व चर्चेतील उत्तर रेंज नसताना लिहिता येते आणि नंतर ते पाठविले जाते. चाचणीही ऑफलाइन सोडविता येते; मात्र शिक्षकाने तशी परवानगी दिली असेल तर, चाचणीला वेळेची मर्यादा नसेल तर, विशिष्ट जाळ्यातूनच सोडविण्याची अट नसेल तर, आणि निकाल शेवटी दाखविण्याची पद्धत निवडली असेल तर. यांतील एक अट चुकली तरी ऑफलाइनची सोय आपोआप बंद होते. शिवाय शिक्षकाने दरम्यान प्रश्नात दुरुस्ती केली, तर काही ऑफलाइन उत्तरे टाकून दिल्याची सूचना विद्यार्थ्याला मिळते. तोच प्रयत्न संकेतस्थळावर संपविलेला आढळला, तर फोनमधील प्रयत्न रद्द होतो.

या शेवटच्या वर्तनावर माझा आक्षेप आहे. दोन नोंदींत विसंगती आढळली तर कार्यालयात आपण एक कागद फाडून टाकत नाही; दोन्ही कागद वरिष्ठांपुढे ठेवतो. येथे मात्र सर्व्हरवरची नोंद खरी आणि विद्यार्थ्याच्या हातातील नोंद खोटी, असे यंत्राने आधीच ठरविलेले असते. दोन्ही उत्तरे राखून निर्णय शिक्षकावर सोपविणे, हाच अशा प्रसंगी योग्य मार्ग होय. विद्यार्थ्याचा अर्धा तास यंत्राने परस्पर पुसावा, हे कोणत्याही तांत्रिक सोयीच्या नावाखाली मान्य करता येणार नाही.

येथे व्हॉट्सअ‍ॅपची तुलना अपरिहार्य आहे. शिक्षणासाठी न रचलेले हे अ‍ॅप आपल्या विद्यार्थ्यांत सर्वांत विश्वासू ठरले, याचे एक कारण त्याच्या खुणांत आहे. घड्याळ म्हणजे अजून गेले नाही, एक टिक म्हणजे गेले, दोन टिक म्हणजे पोचले. अकरावीतील मुलालाही हे कळते. अभ्यासाची अनेक अ‍ॅप्स मात्र 'सादर झाले' असा हिरवा शब्द दाखवितात आणि ते कोठे सादर झाले, फोनमध्ये की महाविद्यालयात, हे सांगत नाहीत. नंतर गुणपत्रकात शून्य दिसते आणि विद्यार्थ्याजवळ दाखवायला काहीच नसते.

वेळ आणि विश्वास

मूडलच्या अटींतील सर्वांत महत्त्वाची अट वेळमर्यादेची आहे. कॉपी होऊ नये म्हणून आपण चाचणीला वीस मिनिटांची मर्यादा घालतो. ती घातल्याबरोबर चाचणी केवळ ऑनलाइन उरते, कारण फोनचे घड्याळ मागेपुढे करता येते व सर्व्हर त्यावर भरवसा ठेवत नाही. परिणामी लबाडी करू शकणाऱ्या काहींना अडविण्यासाठी रेंज नसलेल्या सर्वांना बाहेर ठेवले जाते. ही शिक्षा कोणाला झाली, याचा हिशेब कोठेही होत नाही.

तंत्राच्या अंगाने यावर मार्ग आहे. अँड्रॉइड फोनमध्ये दिसणाऱ्या घड्याळाखेरीज आणखी एक मोजणी चालू असते : फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, याची. सेटिंगमध्ये जाऊन तारीख बदलली तरी ही मोजणी बदलत नाही. फोन बंद करून चालू केला तरच ती शून्यापासून सुरू होते. सर्व्हरशी शेवटचा संपर्क केव्हा झाला आणि त्यानंतर या मोजणीप्रमाणे किती वेळ गेला, हे अ‍ॅपने नोंदवून ठेवले, तर उत्तर लिहिल्याची वेळ बऱ्याच विश्वासाने सांगता येते. फोन मध्येच बंद झाला असेल तर तशी नोंद शिक्षकाला दिसावी. पुढील विचार त्याने करावा. लिहिल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ अशा दोन वेळा उत्तरावर असाव्यात. टपालाच्या शिक्क्याची तारीख ग्राह्य धरण्याची रीत आपल्याला नवी नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, ऑफलाइन चाचणीत विद्यार्थी पुस्तक उघडून उत्तरे लिहील. आक्षेप रास्त आहे. परंतु तो ऑनलाइन चाचणीलाही तितकाच लागू पडतो. वीस मिनिटांत शेजारच्या फोनवर उत्तर शोधणे अवघड नाही. अंतिम परीक्षा मोबाइलवर घेऊच नये, हे मलाही मान्य आहे. अंतर्गत मूल्यमापनासाठी मात्र प्रश्नाचे स्वरूप बदलणे अधिक परिणामकारक ठरेल. कवीचे जन्मवर्ष विचारण्याऐवजी त्याच्या कवितेतील एका प्रतिमेविषयी दहा ओळी लिहावयास सांगाव्यात आणि नंतर वर्गात त्यावर पाच मिनिटे तोंडी विचारावे. अशा प्रश्नाला सेकंदाचे घड्याळ लागत नाही.

निवडीपूर्वीची चाचणी

महाविद्यालयाने कोणतेही अ‍ॅप स्वीकारण्यापूर्वी शिक्षकांनी स्वतः एक चाचणी घ्यावी. तिला संगणकतज्ज्ञ लागत नाही. साधा, जागा भरत आलेला फोन पुरतो.

१. पाठ उतरवून फोन विमान-मोडवर टाकावा. पाठ पूर्ण उघडतो का, नस्तालीक व देवनागरी जशीच्या तशी दिसते का, हे पाहावे.

२. त्याच स्थितीत उत्तर लिहून सादर करावे. अ‍ॅपने 'फोनमध्ये ठेवले, अजून पाठविले नाही' असे स्पष्ट शब्दांत, आणि शक्यतो आपल्या भाषेत, सांगितले पाहिजे.

३. अ‍ॅप बंद करून फोनही बंद-चालू करावा. उत्तर जागेवर आहे का? पुन्हा आत जाण्यासाठी ओटीपी मागितला जातो का? मागत असेल तर रेंज नसताना विद्यार्थ्याचे स्वतःचे लेखन त्यालाच बंद झाले, असे समजावे.

४. विमान-मोड काढून अर्ध्यावर पुन्हा लावावा. उत्तर दोनदा गेले का, अर्धवट गेले का, की उरलेले नंतर नीट पोचले, हे शिक्षकाच्या बाजूने तपासावे.

५. एकाच फोनवर दोन विद्यार्थ्यांची खाती उघडून पाहावीत. भावाचे उत्तर बहिणीच्या नावे जाता कामा नये.

या पाच कसोट्यांपैकी दुसरी आणि चौथी जे अ‍ॅप पार करणार नाही, त्यावर गुण अवलंबून ठेवू नयेत. वाचनासाठी ते खुशाल वापरावे.

समारोप

वरील विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. एक, तुटक इंटरनेटवर चालणारे अ‍ॅप रचण्यासाठी लागणारे ज्ञान जुने व सिद्ध आहे. ते नाही म्हणून अडत नाही. दोन, अनेक बंधने अ‍ॅपकर्त्यांनी नव्हे तर आपण शिक्षकांनी, चाचणी तयार करताना एका खुणेने घातलेली असतात. वेळमर्यादेच्या चौकटीत खूण करण्यापूर्वी रेंजबाहेरच्या गावातील विद्यार्थ्याचा विचार करणे, हे कोणत्याही निधीशिवाय उद्यापासून करता येण्यासारखे आहे. उत्तर उशिरा पोचले म्हणजे ते उशिरा लिहिले गेले असे नव्हे, एवढा भेद आपल्या गुणदानाच्या नियमांत यावा. पुढील सत्राचे अंतर्गत मूल्यमापन ठरविताना प्रत्येक विभागाने या मुद्द्याची चर्चा करावी, अशी अपेक्षा आहे.